थरच्या गाळात साठलेला पाऊस

बिकानेरहून श्रीगंगानगरकडे जाताना वाटेत लूणकरणसर नावाचं तालुक्याचं गाव लागतं. त्याच्या शेजारी एक पांढराफटक, सपाट, सखल भाग आहे. पावसाळ्यात काही दिवस तिथे वीतभर पाणी चमकतं आणि मग जिप्सम आणि मिठाची खपली तेवढी उरते. या भागात वर्षभरात अडीचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. ऊन आणि लू, म्हणजे उन्हाळ्यातले तप्त वारे, मिळून त्याच्या कितीतरी पट पाणी उडवून नेऊ शकतात. अशा ठिकाणी तळं टिकण्याचा प्रश्नच येत नाही.

आणि तरीही सुमारे सात हजार वर्षांपूर्वी या खपलीच्या जागी भरलेलं तळं होतं. पिढ्यान् पिढ्या टिकलेलं. त्याचा पुरावा तिथेच, पायाखाली, चिखलाच्या थरांत आहे.

मी वनस्पतिशास्त्राची शिक्षिका. नोकरीची बहुतेक वर्षं लातूर जिल्ह्यात गेली. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या सुमारास वर्गात आणि वर्गाबाहेर एकच प्रश्न मला सारखा विचारला जाई : "मॅडम, सगळीकडे तळी खोदली तर पाऊस वाढेल का?" विचारणाऱ्यांत विद्यार्थी होते, त्यांचे वडील होते, एक सरपंचही होते. प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं नीट उत्तर द्यायचं तर जिथे एके काळी खरोखर तळी होती आणि पुढे ती गेली, अशा प्रदेशाकडे पाहावं लागतं. म्हणून मी राजस्थानातल्या थर वाळवंटाच्या तळ्यांकडे वळले, आणि अजून त्यांच्यातून बाहेर पडलेले नाही.

थरच्या पूर्व अंगाला आणि आतल्या भागात अशी खारी तळी विखुरली आहेत : सांभर, डीडवाना, कुचामण, पचपदरा, लूणकरणसर. सांभर त्यांत सर्वांत मोठं, जयपूरच्या पश्चिमेला, पावसाळ्यानंतर दोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरणारं. देशातलं सर्वांत मोठं आतल्या भूभागातलं खारं सरोवर. मेंढा आणि रूपनगढ या पावसाळी नद्या त्यात येऊन मिळतात, पण बाहेर मात्र एकही नदी पडत नाही. पाण्याला बाहेर जायची एकच वाट, ती म्हणजे वर, हवेत. पाणी जातं, क्षार मागे राहतात. पाणी तापवायच्या बंबाच्या तळाशी क्षारांचा जो थर धरतो, तेच इथे हजारो वर्षं चाललं आहे.

हे मीठ मुळात आलं कुठून, यावरही बराच वाद झाला. १९०९ मध्ये हॉलंड आणि क्रिस्टी या दोन संशोधकांनी असं मांडलं की कच्छच्या रणातलं मीठ नैऋत्येचे वारे उन्हाळ्यात उडवून राजपुतान्यात आणून टाकतात. कल्पना देखणी होती आणि कितीतरी वर्षं ती पाठ्यपुस्तकांत टिकून राहिली. पुढे पाण्याच्या आणि क्षारांच्या रासायनिक तपासण्या झाल्या, तेव्हा पारडं स्थानिक कारणांकडे झुकलं : आसपासच्या खडकांची झीज, भूजल आणि पावसाबरोबर येणारे अल्पसे क्षार. बंद खोऱ्याला एवढंही पुरतं. फक्त वेळ भरपूर हवा.

ही खोरी बंद कशी झाली, हे डीडवान्याला चांगलं दिसतं. अरवलीचे तुटक डोंगर आणि त्यांच्या मध्ये सरकत आलेली वाळू. वाळूने जुने ओहोळ अडवले, पाण्याला पुढे जायला जागा उरली नाही आणि ते साचलं. म्हणजे वाळवंट आणि तळं हे एकमेकांचे वैरी आहेत असं आपण समजतो, पण थरमध्ये काही तळ्यांना जागा वाळूनेच करून दिली आहे.

सांभरच्या कोरड्या तळावर चालताना वरची पांढरी खपली पायाखाली करकरते. ती दोन बोटं जाड असते. काठीने उचकटली की खाली एकदम काळा, लोण्यासारखा मऊ चिखल लागतो आणि नासलेल्या अंड्याचा भपकारा येतो. पर्यटक नाक दाबून मागे सरतात. मला मात्र त्या वासाचा आनंद होतो, कारण त्याचा अर्थ खाली प्राणवायू पोचलेला नाही. प्राणवायू नाही म्हणजे कुजणं जवळपास थांबलेलं. आणि कुजणं थांबलं की परागकण टिकतात.

परागकणाचं बाहेरचं कवच निसर्गातल्या सर्वांत चिवट पदार्थांपैकी एकाचं बनलेलं असतं. या कवचाच्या जोरावरच आमची सगळी विद्या उभी आहे. गाळाचा चमचाभर नमुना घ्यायचा. आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढायचा, मग अल्कलीने कुजलेला सेंद्रिय भाग, मग हायड्रोफ्लोरिक आम्लाने वाळूचे कण. हे शेवटचं आम्ल काच खातं, म्हणून प्लास्टिकच्या भांड्यात, हातमोजे घालून काम करायचं. चुना, वाळू, कुजकट सगळं जातं, परागकण राहतात. ते सॅफ्रानिनने गुलाबी रंगवायचे, ग्लिसरीन जेलीच्या थेंबात काचपट्टीवर ठेवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली चारशे पटींनी पाहायचे.

मग समोर जे येतं त्याची सवय मला कधीच झाली नाही. गवताचा कण गोल, नितळ, एकच छिद्र आणि त्या छिद्राभोवती उंचवटलेली कड. बाभळीचा एकटा कधी येत नाही. सोळा कणांची एक चेंडूवजा मोळी येते. दवण्याच्या जातकुळीतल्या झुडपांचा कण इवलासा, तीन खाचांचा, वरून पाहिला तर तीन पाकळ्या जोडल्यासारखा. चाकवताच्या कुळातल्या, खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींचा कण सगळीकडून बारीक छिद्रं पाडल्यासारखा. पाणकणसाचा कण दिसला की काठाला गोडं, उथळ पाणी होतं हे समजून घ्यायचं. एकेका थरातले असे शेकडो कण मोजले, की तो थर साचत होता त्या काळी तळ्याभोवती काय उगवत होतं त्याची यादी हाती येते. या यादीत काही लबाड्याही असतात. वाऱ्यावर पराग सोडणारं गवत यादीत फुगून दिसतं; कीटकांच्या भरवशावर राहणारी खेजडी, म्हणजे आपली दसऱ्याची शमी, रानात भरपूर असली तरी गाळात अगदी कमी सापडते. हे लक्षात ठेवूनच यादी वाचावी लागते.

थरच्या तळ्यांची ही यादी पहिल्यांदा नीट वाचली ती गुरदीप सिंग यांनी. लखनौच्या बिरबल साहनी पुरावनस्पतिविज्ञान संस्थेत त्यांनी सांभर, डीडवाना आणि लूणकरणसरच्या गाळावर काम सुरू केलं. त्यावरचे त्यांचे गाजलेले निबंध १९७१ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाले. पुढे ते ऑस्ट्रेलियात कॅनबेराला गेले आणि तिथल्या लेक जॉर्जच्या गाळावरही त्यांनी तसंच मूलगामी काम केलं. आपल्याकडे त्यांचं नाव आमच्या विषयाबाहेर कोणाला ठाऊक नाही. एका वाळवंटाचा दहा हजार वर्षांचा हिरवा इतिहास ज्याने शोधून काढला, त्याच्यावर शाळेच्या पुस्तकात एक परिच्छेद तरी असायला हवा होता.

सिंग यांना काय दिसलं? सगळ्यात खाली वाऱ्याने आणलेली वाळू. तिच्यावर सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपासून तळ्याचा गाळ सुरू होतो. गवत वाढतं, दवण्याच्या जातीची झुडपं येतात, पाणकणीस येतं. आज त्या भागात न टिकणाऱ्या, जास्त ओल मागणाऱ्या वनस्पती दिसू लागतात. एका टप्प्यावर जांभळाचे परागही सापडतात. या सगळ्यावरून त्यांनी अंदाज केला की पाऊस आजच्यापेक्षा निदान २५ सेंटीमीटर जास्त असावा. सांभरला आज साधारण ५० सेंटीमीटर पडतो, म्हणजे ही वाढ किरकोळ नव्हे. मग वरच्या थरांत ओलाव्याची झाडं विरळ होत जातात आणि खाऱ्या मातीतल्या वनस्पती पुढे सरकतात.

डीडवान्याच्या गाळात पुढे आणखी खोल जाता आलं. तिथे तळाशी चक्क मिठाचे स्फटिक लागले, हिमयुगाच्या शिखराच्या सुमाराचे, म्हणजे सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीचे. उत्तर गोलार्धात बर्फ सर्वांत जास्त पसरलं होतं तेव्हा आपला मोसमी पाऊस दुबळा होता आणि डीडवान्याचं तळं खारट डबकं झालं होतं. बर्फ वितळलं, पाऊस परतला आणि त्याच जागी काही मीटर खोल गोडं पाणी उभं राहिलं.

पाऊस परतला तो आकाशातल्या गणितामुळे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती आज जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्या हिवाळ्यात. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डोलत असल्यामुळे हा दिवस हळूहळू सरकतो. सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी तो उत्तरेकडच्या उन्हाळ्यात येत होता. त्यामुळे आशिया आणि आफ्रिकेच्या जमिनीला उन्हाळ्यात आजच्यापेक्षा सुमारे सात-आठ टक्के जास्त ऊन मिळे. जमीन जास्त तापे, समुद्रावरून ओलं वारं जास्त जोराने ओढलं जाई आणि मोसमी पाऊस आजच्या सीमेच्या पलीकडे पोचे. थर हिरवा झाला, सहारा हिरवा झाला, अरबस्तानात तळी भरली, हे सगळं याच हिशोबाने.

थरच्या बाबतीत मात्र हा हिशोब एकट्याने पुरत नाही. लूणकरणसरचं तळं सर्वांत जास्त भरलं ते ऊन सर्वांत जास्त होतं तेव्हा नव्हे, तर त्यानंतर तीन-चार हजार वर्षांनी. दवण्याच्या जातीची झुडपं ज्या प्रमाणात गाळात दिसतात, त्यावरून सिंग यांनी हिवाळी पावसाकडे बोट दाखवलं होतं. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या ज्या थंडीतल्या सरी पंजाब-हरियाणाच्या गव्हाला आज जीवदान देतात, राजस्थानात ज्यांना मावठ म्हणतात, त्या त्या काळी जास्त येत असाव्यात. उन्हाळ्यातला पाऊस पडता पडताच उडून जातो. थंडीतला जमिनीत मुरतो. तळं टिकवायला असाच पाऊस लागतो.

आता माझ्या सरपंचांच्या प्रश्नाकडे येते. पावसाने तळी भरली, हे झालं. तळ्यांनी पावसासाठी काय केलं?

थरमध्ये फार थोडं. सांभर दोनशे चौरस किलोमीटर, डीडवाना तर त्याच्या पासंगालाही पुरत नाही. एवढ्याशा पाण्यावरून उठणारी वाफ हजारो किलोमीटर लांबून येणाऱ्या मोसमी वाऱ्यात विरून जाते. काठाची हवा चार अंश थंड राहते, दव पडतं, पक्षी उतरतात, आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला थोडी झाडी जास्त माजते. हवामान त्याने बदलत नाही. हे मी लातूरला सांगितलं तेव्हा ऐकणाऱ्यांचे चेहरे पडले, पण खोटी आशा देणं मला जमलं नसतं.

तळ्याने हवामान हलवायचं तर तळं किती मोठं लागतं, याचं उदाहरण सहाराच्या दक्षिण कडेला आहे. आजचं चाड सरोवर उथळ आणि आटत-वाढत राहणारं आहे. सहा-सात हजार वर्षांपूर्वी त्याच्या जागी जे होतं त्याला शास्त्रज्ञ महाचाड म्हणतात. त्याचा विस्तार सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर होता. आख्ख्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाख आठ हजार आहे, हे मनात धरलं म्हणजे अंदाज येईल. खोली ठिकठिकाणी दीडशे मीटरच्या पुढे. एवढ्या पाण्याने हवामानात ढवळाढवळ केली नसती तरच नवल. पाणी वाळूपेक्षा गडद, म्हणून ऊन जास्त शोषतं. त्यातून वाफ उठते आणि वाऱ्याबरोबर दूर जाऊन पाऊस होऊन पडू शकते. संगणकावरच्या प्रारूपांत मात्र एक उलटी गोष्टही दिसते, आणि मला ती फार मोलाची वाटते. पावसाळ्यात सरोवराचा पृष्ठभाग भोवतालच्या जमिनीपेक्षा थंड असतो. थंड पृष्ठभागावरची हवा वर उठायला तयार नसते, त्यामुळे खुद्द सरोवरावर गडगडाटी ढग कमी बनतात. म्हणजे सरोवर शेजाऱ्यांना पाऊस देत असेलही, पण स्वतःच्या डोक्यावरचा मात्र काहीसा अडवतं. तळं म्हटलं की पाऊस वाढणारच, इतका सरळ हा मामला नाही.

मग थरच्या छोट्या तळ्यांना महत्त्व कशाचं? जमिनीखालच्या पाण्याचं आणि त्यावर जगणाऱ्या गवताचं. माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे.

बंद खोऱ्यातलं तळं म्हणजे भूजलाची उघडी खिडकी. तळ्याची पातळी वर असते तेव्हा भोवतालच्या विस्तीर्ण भागातलं भूजलही वर असतं. ते वर असलं की खेजडीची मुळं पोचतात, फोगाची झुडपं तग धरतात, सेवण गवताचे ठोंब उन्हाळा काढतात. आणि वाळू जागेवर राहते ती या मुळांमुळे. थरच्या वाळूच्या टेकड्या, तिथल्या बोलीत टिब्बे किंवा धोरे, पुष्कळदा नालेच्या आकाराच्या असतात : मधला भाग वारा पुढे ढकलतो, पण दोन्ही बाजूंना झुडपांनी धरून ठेवलेले हात मागेच राहतात. नुसत्या वाळूला असा आकार येत नाही. त्याला झाडझाडोरा लागतो.

या टिब्ब्यांचं वय काढण्याचं काम अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत अशोक सिंघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. वाळूच्या कणाला ऊन लागलं की त्याच्यात साठलेली ऊर्जा शून्य होते. तो गाडला गेला की पुन्हा साठायला लागते. ती मोजली की कण शेवटचा उन्हात कधी होता ते कळतं. यातून निघालेला निष्कर्ष मला पहिल्यांदा वाचला तेव्हा खराच वाटेना. टिब्बे सर्वांत जास्त वाढले ते हिमयुगाच्या शिखरावर, सर्वांत कोरड्या काळात नव्हे, तर ते ओसरत असताना. कारण थरची वाळू हलवतो तो नैऋत्येचा मोसमी वारा. मोसम दुबळा होता तेव्हा पाऊस नव्हता, पण वाराही नव्हता. मोसम परत जोर धरू लागला तेव्हा वारा आधी आला, आणि वाळू धरून ठेवण्याइतकं गवत यायला वेळ लागला. मधल्या त्या फटीत टिब्बे धावले. म्हणजे पाऊस आणणारा वारा आणि वाळू उडवणारा वारा एकच; त्यांच्यामधला फरक गवत ठरवतं.

तळं आटलं की दुहेरी नुकसान होतं ते यासाठी. भूजल खाली जातं, गवत सुटतं, वाळू मोकळी होते. आणि तळ्याचा तळही उघडा पडतो : बारीक गाळ, मीठ, जिप्सम, सगळं वाऱ्यावर. महाचाड आटल्यावर त्याच्या सर्वांत खोल भागाचं, बोडेलेचं, हेच झालं. आज ते जगातल्या सर्वांत धुळकट जागांपैकी एक आहे. तिथल्या धुळीत जुन्या सरोवरातल्या सूक्ष्म शैवालांची कवचं असतात आणि ती अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलापर्यंत पोचते.

धूळ आणि उघडी वाळू पावसावर उलटा परिणाम करतात का, यावर दोन प्रसिद्ध मांडण्या आहेत. अमेरिकन हवामानतज्ज्ञ रीड ब्रायसन यांनी १९६७ मध्ये थरचंच उदाहरण घेऊन म्हटलं की इथल्या हवेत बाष्प तसं पुरेसं आहे, पण अतिचराईने उठलेली धूळ हवेला वर चढू देत नाही, आणि म्हणून पाऊस पडत नाही. १९७५ मध्ये ज्यूल चार्नी यांनी सहाराच्या कडेबद्दल लिहिलं : गवत गेलं की फिकट वाळू ऊन परत फेकते, जमीन कमी तापते, हवा वर चढण्याऐवजी खाली बसते आणि पाऊस आणखी घटतो. या दोन्हींतले आकडे पुढे खूप दुरुस्त झाले, पण गाभा टिकला. वाळवंट आपल्या पायाने चालत नसलं तरी उघडी जमीन त्याला हात देते.

तळ्यांच्या गाळाने इतिहासकारांनाही एकदा चांगलंच कोड्यात टाकलं. सिंग यांनी १९७१ मध्ये असं मांडलं की थरमधला सर्वांत ओला काळ हडप्पा संस्कृतीच्या बहराशी जुळतो आणि पुढचा कोरडा काळ तिच्या ऱ्हासाशी. पाऊस वाढला, शहरं उभी राहिली. पाऊस घटला, शहरं मोडली. इतकं सुबक जुळल्यावर ते लोकांच्या मनात पक्कं बसलं. पण सिंग यांचे काळ कार्बन-१४ ने काढलेले होते, आणि त्याने मिळणारी वर्षं व पंचांगातली वर्षं एक नसतात. झाडांच्या वाढवलयांशी ताडून पाहिल्यावर कळलं की त्या काळापुरता फरक सहाशे-सातशे वर्षांचा आहे, आणि ओला काळ तेवढा मागे सरकवावा लागतो.

१९९९ मध्ये 'सायन्स'मध्ये लूणकरणसरवरचा निबंध आला. जेरुसलेमच्या येहुदा एन्झेल यांच्याबरोबर त्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे एस. एन. राजगुरू आणि शीला मिश्रा होते. त्यांनी गाळाचे थर बारकाईने वाचून दाखवलं की तळं अचानक भरलं, सुमारे दीड हजार वर्षं राहिलं, आणि पंचांगाच्या हिशोबाने सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी पूर्ण आटलं. त्याच सुमारास टिब्बेही मोकळे सुटले. हडप्पा संस्कृतीची मोठी शहरं फुलली ती त्यानंतर जवळपास एक हजार वर्षांनी, म्हणजे कोरड्या हवेत. या निष्कर्षाने हडप्पाच्या लोकांबद्दलचा माझा आदर वाढला. ती माणसं पावसाच्या लाडात वाढलेली नव्हती. नद्यांचे पूर, थंडीतली पिकं, विहिरी आणि साठवण यांच्या बळावर त्यांनी कोरडेपणाशी मेळ घातला होता.

कोरडेपणाचा पुढचा फटका मात्र त्यांनाही जड गेला असावा. हरियाणातल्या मेवातमध्ये कोटला डहर नावाचं जुनं तळं आहे. त्याच्या गाळातल्या गोगलगाईंच्या शंखांतल्या ऑक्सिजनचा अभ्यास यामा दीक्षित आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे ४१०० वर्षांपूर्वी उन्हाळी मोसम एकाएकी दुबळा झाल्याची खूण त्यात सापडली. हडप्पाची शहरं विस्कटू लागली तो काळ जवळपास हाच. आणि त्याच वर्षी आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या गाळावरचा सुषमा प्रसाद आणि सहकाऱ्यांचा निबंधही आला. त्यातही सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीच्या दीर्घ दुष्काळाची नोंद आहे. मेवात आणि विदर्भ यांच्यात केवढं अंतर, पण पाऊस एकाच वाऱ्याचा आणि दुष्काळही एकाच वाऱ्याचा.

डेक्कन कॉलेजचा थरशी संबंध याहून जुना आहे. वीरेंद्रनाथ मिश्र आणि राजगुरू यांच्या चमूने डीडवान्याजवळ सिंगी तलाव आणि '१६ आर' नावाच्या उंच टिब्ब्याच्या छेदात अश्मयुगीन हत्यारं शोधली. सिंगी तलावच्या दगडी कुऱ्हाडींचं वय २०२१ च्या अभ्यासात सुमारे १ लाख ७७ हजार वर्षं निघालं. आज आपण जिथे पाण्याची बाटली घेतल्याशिवाय गाडीतून उतरत नाही, तिथे माणूस इतका जुना आहे. तो राहिला ते ओल्या काळात, तळ्यांच्या आणि ओढ्यांच्या काठी.

आज थरमध्ये पुन्हा पाणी आलं आहे, या खेपेला आकाशातून नव्हे. इंदिरा गांधी कालव्याने हिमालयातलं पाणी सहाशे किलोमीटरहून जास्त वाहत आणलं. त्याच्या उपसा शाखेचं पाणी लूणकरणसरलाही पोचतं. हजारो कुटुंबांना त्याने पिकं दिली, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण जिथे जमिनीखाली पाणी न जिरू देणारा कठीण थर आहे, तिथे ते तुंबलं, क्षार वर आले आणि शेतं पांढरी पडली. अशा तुंबलेल्या पाण्यात पाणकणीस माजलं आहे. जे रोप सहा-सात हजार वर्षांपूर्वीच्या गाळात मी काचपट्टीवर पाहते, ते कालव्याच्या काठी उभं आहे. पाणी आलं की वनस्पती किती लवकर परततात, आणि पाण्याला बाहेर पडायची वाट नसली की मीठही त्यांच्याबरोबर कसं येतं, दोन्ही तिथे एकाच शेतात दिसतं.

सरपंचांना मी शेवटी असं उत्तर दिलं : तळं खोदून पाऊस वाढणार नाही. पण पडलेला पाऊस जमिनीत राहील, भूजल वर राहील, गवत आणि झाडं टिकतील, आणि माती उडणार नाही. थरने तळी गमावली तेव्हा नेमकं हेच गमावलं. एवढ्यासाठी तळी हवीतच. ती कुठे खोदायची, खालचा थर कसा आहे आणि पाण्याला वाट आहे का, हे मात्र आधी पाहायला हवं.

आणि एक मागणी माझी स्वतःची आहे. सांभर १९९० पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, तरी त्याच्या तळात आणि काठांवर मिठासाठी बेकायदा बोअरवेल खोदल्या जातात, आणि वर पाणलोटातल्या बंधाऱ्यांमुळे येणारं पाणी कमी होतं. तिथे उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी आवाज उठतो, तो उठायलाच हवा. पण तळाच्या गाळासाठी कोणी बोलत नाही, आणि एकदा यंत्राने उलथलेले थर पुन्हा कधीच क्रमाने लागत नाहीत. सांभर, डीडवाना, लूणकरणसर यांच्या तळाचा थोडा भाग तरी न खोदता राखून ठेवावा, असा नियम सरकारने करावा. आपल्या गावातही धरण नव्हे, तर शेकडो वर्षांचं नैसर्गिक तळं उपसायचं ठरलं, तर जेसीबी लावण्याआधी जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र विभागाला कळवा. गाळाची एक उभी नळी काढून घ्यायला त्यांना एक दिवस पुरतो.